नहरीतली बाटली

"बाटली तुमच्याच घरी आहे," मोबाइलवरचा लाल ठिपका दाखवत नीतू म्हणाली. "हे पाहा काकाजी. जागचा हलत नाही."

चुन्नीलाल पटलेंनी चष्मा कपाळावर सरकवून ठिपका पाहिला. मग संशयाने आपल्याच घराकडे पाहिलं.

"कायची बाटली?" सुशीलाबाईंनी दारातूनच विचारलं. "दारूची?"

"पाण्याची. प्लास्टिकची."

आपण गोंदियाच्या संस्थेतून आलो, असं नीतूने सांगितलं. नद्या-नहरींतला कचरा कुठून येतो, कुठे अडकतो, हे शोधून तो काढायचा, हे संस्थेचं काम. त्यासाठी बाटलीत एक यंत्र बसवून ती पाण्यात सोडतात आणि मोबाइलवर तिच्या मागावर राहतात. ही बाटली चोरखमारा तलावाच्या नहरीतून वाहत खाली जायला हवी होती. ती पटल्यांच्या घरामागच्या सांदवाडीत, परसात कशी आली, तेच पाहायला ती आणि सोबतची एक मुलगी अशा दोघी आल्या होत्या.

ही दुसरी मुलगी काही बोलत नव्हती. तोंडावरचा स्कार्फ सोडून ती घराकडे, अंगणाकडे, वाळत घातलेल्या कपड्यांकडे पाहत होती.

नीतूने मोबाइल पर्समध्ये टाकला, घराला वळसा घालून मागे गेली आणि कुंपणातून बाटली उपसून आणली.

"माकडानं आणली असंल," चुन्नीलाल म्हणाले. "लय माकडं झाले गावात."

"नाईतर शेजाऱ्यानं," सुशीलाबाई शेजारी ऐकू जाईल अशा बेताने म्हणाल्या.

"कोणीबी आणो. जिथे बाटली सापडली, त्या घरचा कचरा पाहावा लागते. नाहीतर नाव ग्रामपंचायतीच्या फलकावर लागते."

सुशीलाबाईंचा चेहराच उतरला. त्यांनी नीतूला हाताला धरून बाजूला नेलं.

"नाव नको लावू वो बाई. आमच्या हेमेंद्रचं लगन जुळून राहिलं. पोरीकडचे येतीन अन् फलकावर आमचंच नाव पाहतीन. कोण देईन पोरगी?"

"मग विचारलं ते खरं सांगा. दूध पाकिटाचं आणता?"

"घरी म्हशी हाय. कायले आणू?"

"गुटख्याच्या पुड्या?"

"आमच्यात कोणी खात नाई."

चुन्नीलाल आभाळाकडे पाहू लागले. "मी सोडला," ते म्हणाले.

"कधी?"

"आत्ताच."

"अन् मुलगा?"

"हेमेंद्र तर सुपारीबी तोंडात नाई टाकत," सुशीलाबाई म्हणाल्या.

"सगळ्या आया हेच सांगतात." नीतू दोरीपाशी गेली आणि हेमेंद्रच्या पँटचे खिसे उलटे केले. एक कंगवा निघाला, ट्रॅक्टरची किल्ली निघाली आणि धुऊन लगदा झालेलं बसचं तिकीट. चुन्नीलाल ती किल्ली सकाळपासून शोधत होते.

"घरातला कचरा कोण उचलते? मुलगा काही करते, की सगळं बायकांवरच?"

"चाय मांडते तो," सुशीलाबाई घाईघाईने म्हणाल्या. "खोटं नाई सांगत. साखर जास्त टाकते, पण मांडते."

गप्प मुलीने स्कार्फ तोंडाशी धरला.

तेवढ्यात धानाच्या बांधीतून चिखलाचे पाय घेऊन हेमेंद्र आला. नीतूने त्याला घरामागच्या नहरीच्या गेटपाशी नेलं. गेटच्या जाळीत बाटल्या, पिशव्या, थर्माकोलच्या पत्रावळी असं सगळं गच्च अडकलं होतं.

"हे काढावं लागते. आत्ता," नीतू म्हणाली.

"हे आमचं एकट्याचं नाई मॅडम. वरच्या साऱ्या गावायचं येते."

"मग काढणार नाही?"

"नाई काऊन? पाणी तर आमच्याच धानाले जाते ना." त्याने बाह्या वर केल्या आणि छातीभर पाण्यात उतरला.

तो काढून देत होता आणि गप्प मुलगी काठावर पोतं धरून उभी होती. पोतं भरत आलं, तेव्हा ते तिच्या हातून सुटलं. सगळा माल पुन्हा पाण्यात.

"अगं माय!" सुशीलाबाई ओरडल्या.

हेमेंद्रने एकदा मुलीकडे पाहिलं आणि मुकाट्याने पुन्हा गोळा करायला लागला. पोतं भरलं. ते पुन्हा सुटलं.

आता मात्र चुन्नीलाल तापले. "ही कोणत्या संस्थेची पोरगी हाय? इले साधं पोतं नाई धरता येत!"

"राहू द्या ना बाबा," हेमेंद्र पाण्यातून म्हणाला. "ओझं लागत असंल. ताई, तुमी वर सावलीत बसा. पोतं मी कंबरेले बांधतो."

"ताई म्हणू नका," मुलगी पहिल्यांदाच बोलली.

"मग मॅडम?"

"मॅडमबी नको."

हेमेंद्रने पोतं कंबरेला बांधलं. तो कचरा काढत राहिला. जाळी मोकळी झाली तसं पाणी खळाळत बांध्यांकडे निघालं आणि चुन्नीलालांचा राग त्याच्यासोबत वाहून गेला.

मग चहा झाला. हेमेंद्रनेच मांडला. साखर खरंच जास्त होती. नीतूने अर्धा ठेवला, दुसरीने संपवला.

"तुमचं नाव फलकावर नाही लागणार," उठताना नीतू म्हणाली.

सुशीलाबाईंनी देवाला हात जोडले आणि दोघींच्या हातात घरच्या तांदळाची पिशवी दिली, कापडाची. नीतू नको नको म्हणत होती. दुसरीने पिशवी घेतली आणि वाकून सुशीलाबाईंच्या पाया पडली.

"लय गुणाची हाय," दोघी गेल्यावर सुशीलाबाई म्हणाल्या. "हाताची थोडी ढिली हाय, पण संस्कार हाय."

गावाबाहेर आल्यावर नीतूने स्कूटी बाजूला घेतली. मागे बसलेल्या बहिणीकडे पाहिलं. तिने मान डोलावली. नीतूने फुलचूरला घरी फोन लावला.

"आई, पटल्यांकडे आता मंजूचा फोटो पाठवून दे. तिले पोरगा पसंत आहे."