शून्य मिनिटं

वरच्या ऑफिसात बसलेल्यांनो, हे तुम्हीच केलंत. इंग्रजीच्या तासाला निम्मा वेळ तरी मुलं बोलली पाहिजेत, नाहीतर वर्ग बंद, हा फतवा तुमचा. मोजायला माणूसही तुम्हीच धाडलात.

तो तपासनीस शेवटच्या बाकावर बसला. हातात स्टॉपवॉच, मांडीवर दोन रकान्यांचा तक्ता: शिक्षक किती बोलले, मुलं किती.

दाराशी मुख्याध्यापक बाईंच्या कानाशी लागले. "तोंडातून शब्द काढायचा नाही. काय बोलायचं ते पोरं बोलतील. वर्ग गेला तर ही सगळी घरी बसतील."

"मी कशाला बोलतेय!" बाई म्हणाल्या.

त्यांनी फळा लख्ख पुसला, पहिल्या बाकावरच्या उंच मुलीच्या हातात खडू दिला आणि खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या. मुलीने विषय लिहिला: नळाला कुलूप हवं की नको. इंग्रजीत भांडण जुंपलं.

"कुलूप लावलं की किल्ली तूच ठेवणार, माहितेय मला!"

"मग तुला देऊ? परवा नळ उघडा टाकून कोण पळालं?"

क्रियापदं ठेचकाळत होती, पण थांबत कुणीच नव्हतं. कुणी अडलं की उंच मुलगी शब्द पुरवायची. बाईंचं लक्ष घड्याळाकडे. तास संपत आला तशा त्या बाहेर गेल्या. घंटा झाली. त्या परत आल्या.

तपासनीस खूश. "चाळीसपैकी छत्तीस मिनिटं मुलं. शिक्षक शून्य! अहो, आमच्या मास्तरांची टकळी बंद करता करता माझे केस गेले. बाई, जमवलंत कसं?"

बाईंनी मुख्याध्यापकांकडे पाहिलं.

"स्वभावच मितभाषी," मुख्याध्यापक घाईने म्हणाले.

"मग सोमवारपासून यांना आमच्याकडे पाठवा. बाकीच्या शाळांतल्या शिक्षकांना शिकवू देत." त्याने तक्त्यावर सही ठोकली. वर्ग वाचला.

उंच मुलगी उभी राहिली. मुख्याध्यापकांनी डोळे वटारले. ती बसली नाही. आता ती घरच्या भाषेत बोलली.

"साहेब, या मावशींना नेऊ नका. शाळेत शिपाई त्या एकट्याच आहेत. इंग्रजीच्या शिक्षकाची जागा दोन वर्षं रिकामी आहे, आमचे अकरा अर्ज तुमच्याच ऑफिसात पडलेत. शिक्षक कधी पाठवताय? आत्ता सांगा."