आपल्या पार्षदबाई

गटार तुंबून सहावा दिवस उजाडला, तेव्हा जयपूरच्या जवाहर नगरातल्या एका गल्लीतली पंधरा-वीस माणसं नाकाला रुमाल लावून पार्षदबाईंच्या फाटकासमोर उभी राहिली. पार्षद म्हणजे तिथल्या नगरसेविका, इंदुमतीबाई. माहेर अकोल्याचं, सासर जयपूरचं. मागच्या वर्षी निवडून आलेल्या.

"मैडम, घर में घुस गया है गंदा पानी!" स्टेशनरीच्या दुकानाचा परेश ओरडला. "तीन बार फोन किया. आप बोलती हैं देखते हैं, देखते हैं. कब देखेंगी?"

सगळ्यांनी माना हलवल्या. मुरलीधरनेही हलवली. फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेला, मूळ साताऱ्याचा हा माणूस. त्याच्या स्वयंपाकघरातही पाणी शिरलं होतं.

इंदुमतीबाईंनी फाटकाआडून नुसता हात वर केला, तशी परेशला आणखी चेव आला. "काली-कलूटी बाहरवाली को वोट दोगे, तो यही होगा!"

मागे कुणीतरी फिसकन हसलं.

मुरलीधर गर्दीतून पुढे आला. "परेशजी, गटर पे बोलो. रंग पे क्यों बोला?"

"गुस्से में बोल दिया, सूबेदारसाब."

"पिछलेवाले पार्षद गोरे थे, यहीं के थे. उनके टाइम बारह दिन भरा था. तब गुस्से में किसी ने रंग देखा?"

मग एकदम सगळेच बोलू लागले. एक म्हणाला, मी तर सगळ्यांना सारखंच मानतो. दुसऱ्याने आपली बायको सावळी असल्याचं जाहीर केलं, तेव्हा वरच्या गॅलरीतून त्याची बायको ओरडली, "किसको सांवली बोला?" तिसरा म्हणाला की काळ्या रंगाला वाईट म्हणणं ही इंग्रजांची देणगी. चौथ्याला ते पटलं नाही. अर्ध्या तासात गल्लीतल्या प्रत्येकाचा रंग निघाला. गटाराचं नाव निघालं नाही. मग ऑफिसची वेळ झाली आणि माणसं पांगली.

इंदुमतीबाईंनी मुरलीधरला आत बोलावलं. चहा दिला. त्यांचे डोळे भरले होते.

"लहानपणापासून ऐकतेय काका. शाळेत, लग्नात, प्रचारात. आज पहिल्यांदा माझ्या बाजूनं कुणी बोललं."

मुरलीधरने कप खाली ठेवला. "तुम्ही आपल्या आहात, ताई."

"तेच तर." इंदुमतीबाईंनी पदराने डोळे टिपले आणि खुर्ची जरा पुढे ओढली. "आता दर वेळी तुम्हीच पुढे राहायचं. कुणी तक्रार घेऊन आलं की लगेच विचारायचं, रंगावरून बोलता का? बघितलंत ना कसे गेले सगळे?"

"आणि गटार?"

"बघू हो. घाण उपसायची गाडी दुसऱ्या वॉर्डात गेलीय."

मुरलीधरने उरलेला चहा कसाबसा संपवला.

घरी त्याची बायको वीणा साडी खोचून, खराट्याने स्वयंपाकघरातलं पाणी मागच्या दाराकडे लोटत होती.

"काय झालं?"

"गप्प केलं सगळ्यांना."

"कुणाला?"

"लोकांना. तो परेश बाईंना काळी, बाहरवाली म्हणाला."

"बरं केलंत. आणि गटाराला?"

मुरलीधरने गाडी दुसऱ्या वॉर्डात गेल्याचं सांगितलं. वीणाने खराटा भिंतीला टेकवला आणि तशीच ओल्या पावलांनी बाहेर पडली.

"अगं ए इंदुमती! बाहेर ये!"

इंदुमतीबाई फाटकाशी आल्या. गॅलऱ्या भरल्या. परेश दुकानाची किल्ली हातात घेऊन थांबला. वीणा सातारच्या मराठीत सुरू झाली. सहा दिवस देवाला उदबत्ती लावतेय ती नाकासाठी लावतेय, इथपासून तिने सुरुवात केली. तुझं घर उंचावर आहे म्हणून तू तोऱ्यात का, निवडणुकीत माझ्या ओट्यावर बसून पोहे खाल्लेस, आता त्याच ओट्याखाली काय वाहतंय ते येऊन बघ.

"काकू, तुम्हीसुद्धा?" इंदुमतीबाईंचा आवाज कापला. "माझ्या रंगावरून लोक आधीच..."

वीणाने आपला हात त्यांच्या हाताशेजारी धरला. वीणाचा चांगलाच काळा होता.

"बोल. मी कशावरून बोलतेय?"

इंदुमतीबाईंनी आपला हात मागे घेतला.

"तुला काळी म्हणाला त्याच्याकडे मी बघते. तू गटाराकडे बघ."

परेशने मुरलीधरच्या कानाशी येऊन विचारलं, "भाभीजी क्या बोल रही हैं?"

"अभी आपका नंबर आनेवाला है," मुरलीधर म्हणाला.

इंदुमतीबाईंनी तिथेच फाटकाशी उभं राहून फोन लावला. आधी गोड बोलल्या, मग अकोल्याच्या ठसक्यात बोलल्या. अकराच्या सुमाराला गाडी आली, जाड पाइप चेंबरमध्ये उतरला आणि गल्लीभर घरघर सुरू झाली. परेश दुकान उघडायला निघाला होता. वीणाने त्याला हाताने थांबवलं.

"परेशजी, बाहरवाली किसको बोला था?"

"भाभीजी, वो तो बस मुँह से निकल गया."

"निकला, मतलब अंदर था."

परेश खाली बघू लागला. मग इंदुमतीबाईंकडे बघून, दोन्ही हात जोडून, घरघरीत ऐकू येणार नाही इतक्या हळू काहीतरी म्हणाला. "ज़ोर से," वीणा म्हणाली. त्याने पुन्हा म्हटलं. "माफ़ी, मैडम." या वेळी गॅलऱ्यांपर्यंत ऐकू गेलं.

इंदुमतीबाईंना हसू आवरेना.

"तू हसू नकोस," वीणा म्हणाली. "मागची गल्ली अजून तुंबलेलीच आहे."