कॅमेऱ्याला कुंकू

“अगं, आलं! अख्खं दुकान टीव्हीत आलं!” शैलाताईंनी गल्ल्यामागून आरोळी ठोकली. ऐन खंडेनवमीला त्यांच्या ब्लाउजच्या दुकानात तीन कॅमेरे बसले होते. एक गल्ल्यावर, एक कापडाच्या कपाटावर. तिसरा मागच्या दारावर लावू, असं बसवणारा फय्याज सांगत होता. पण गिऱ्हाइकांचे ब्लाउजपीस गायब व्हायला लागल्यापासून ताईंना शिलाई मशीनवरच नजर हवी होती, म्हणून तो आत मशीनसमोर लागला होता.

त्यामुळे सगळ्यात जुन्या कारागीर सारजाबाई रुसल्या होत्या. त्या आत मशीनची पूजा मांडत होत्या.

एवढ्यात टीव्हीतलं तिसरं चित्र लालभडक झालं. “फय्याज, जळला रे कॅमेरा!” म्हणत ताई आत धावल्या.

सारजाबाई कुंकवाचा करंडा घेऊन स्टुलावर उभ्या होत्या. मशीनना, कात्र्यांना, इस्त्रीला हळदकुंकू लागलं होतं आणि आता थेट कॅमेऱ्याच्या भिंगालाही.

“अहो, हे काय केलंत?”

“तोही आजपासून आपल्यातच कामाला लागला ना, ताई? सणाच्या दिवशी त्याला एकट्याला कसं वगळायचं?”

मागोमाग आलेला फय्याज पोट धरून हसायला लागला. ताईही हसल्या आणि हसता हसता त्यांनी सारजाबाईंना हात धरून खाली उतरवलं. मग स्वतः स्टुलावर चढून त्यांनी पदरानं भिंग पुसलं.

“फय्याज, हा काढ आणि मागच्या दारावर लाव.”

“मग इथं लक्ष कोण ठेवणार?”

“इथं सारजाबाई आहेत की!”