भरलेली बाटली

"आई, पाणी दे गं..." जीपच्या मागच्या सीटवर वनिता कण्हली. गुऱ्हाळावर उकळत्या रसाची काहील तिच्या अंगावर कलंडली होती. हौसाबाईनं भरलेली बाटली पदराआड लपवली. "भाजलेल्याला पाणी बाधतंय, बाळा. दम धर."

वाटेत सरकारी दवाखाना लागला. तिथं सलाईन लावतील, म्हणजे पुन्हा पाणीच! तिनं जीप चालवणाऱ्या दिराला थांबूच दिलं नाही.

जिल्ह्याच्या इस्पितळात डॉक्टरांनी दोन्ही हातांना सलाईन जोडलं, पण लघवीच्या पिशवीत थेंब पडेना.

"डॉक्टर, लई मागत हुती," हौसाबाई म्हणाली. "पर काळजावर धोंडा ठिवला. एक घोट दिला न्हाई."

डॉक्टरांनी रिकाम्या पिशवीकडे बोट दाखवलं. "मावशी, भाजलेल्या अंगातून पाणी झिरपून जातं. ते भरून काढलं नाही, तर रक्त आटतं, लघवी थांबते. वाटेतच सलाईन लागलं असतं, तर..."

दिवस मावळताना वनितानं मान टाकली. दिरानं तीच बाटली पुढं केली. "वैनी, लेकीच्या तोंडात पाणी घाला."

हौसाबाईनं बाटली उघडली. वनितानं आता तोंड उघडलं नाही.