बसल्याचा पगार

जिनेंद्र आप्पांचा नातू वैमानिक. कंपनीत त्याच्या ड्यूट्या लावते नीलम. म्हणून आप्पा निपाणीहून तिच्या बेळगावच्या घरी आले.

"पोरगं महिनाभर गणवेश घालून विमानतळावर बसून हाय. पगार इतका कमी कसा?"

"आप्पा, विमानाचं चाक हललं की तास मोजायचे. थांबलं की बंद. पैसे तेवढ्याचेच."

"आणि बसल्याचं?"

"कायच न्हाय."

"ह्यो कुठला न्याय गं?"

"तुमच्या वखारीतला. तंबाखूची गाडी आली तरच मजुरी. 'तवर बस, हाक मारतो,' असं तुम्हीच माझ्या आईला म्हणायचा."

आप्पांनी हात जोडले. "पुढच्या महिन्यात तरी त्याला विमान दे."

"विमान आलं की हाक मारते. तवर बसू दे."