टिकणारा वास

देवासाठीचं अत्तर मी कधी हुंगून घेत नाही. हुंगलेलं देवाला चालत नाही. आज मात्र अत्तरवाल्या धनेशजींना म्हटलं, “मला एकेक वास घेऊ द्या.” ते हसले. “क्या मौसीजी, देवाची पसंद बदलली का?” त्यांनी कागदाच्या पट्ट्यांवर थेंब सोडले. “हे संत्र्याचं, लगेच उडतं. मोगरा, गुलाब संध्याकाळपर्यंत. लाकडाचे वास सगळ्यात टिकाऊ, हे चंदन बघा.” मी डोळे मिटून चंदनाची पट्टी नाकाशी धरली. “परवापर्यंत टिकेल?” “घरात शादी आहे का?” “नाही. सकाळी माझा भाऊ गेला. बर्फावर ठेवलंय. त्याची लेक कॅनडाहून परवा पोचेल.” धनेशजींचा बाटलीवरचा हात थांबला. “मौसीजी, या गर्मीत परवापर्यंत कुठलंच इत्र टिकत नाही.” “मग मोठी बाटली द्या, मी सारखं लावत बसेन. पोरीनं बापाजवळ बसताना नाकाला रुमाल लावायला नको.”