थांबवणारी मुलगी

"आज मॅडमना पेशी चालती-बोलती दाखवतो. एक अक्षर चुकलं तर मला हर्षद म्हणू नका!" सर हेडमास्तरांना म्हणाले. सहा वर्षं तासिकेवर घासली होती. शिक्षण खात्याच्या सुचेता मॅडमनी आज चांगला शेरा दिला, तरच कायम व्हायची आशा.

बेत चोख होता. हेडमास्तरांच्या कपाटातली वही म्हणजे डीएनए. ती बाहेर काढायची नाही. तेजश्रीने तिच्यातल्या एका पानाची नक्कल वर्गात आणायची. रूपेश म्हणजे रायबोसोम. त्याने तीन-तीन अक्षरं वाचायची, आणि दर तिनाला कान्हाने एक मूल आणून आधीच्याच्या हाताला जोडायचं. पुढचे पुढे सरकणार, साखळी वाढणार, झालं प्रथिन. शेवटच्या तीन अक्षरांना समिधाने लाल निशाण दाखवायचं. काम बंद.

"निशाण दिसेपर्यंत थांबायचं नाही, मी सांगितलं तरी," सरांनी आठवडाभर घोकून घेतलं होतं. "पेशी कुणाच्या बापाचं ऐकत नाही."

मॅडम आल्या. विसाव्या मुलाला कागद संपला. निशाण नाही.

"समिधा कुठाय?"

"झोडणीला, सर. त्यांच्या खळ्यावर आज मशीन आलंय." रूपेशने कागद पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतला.

"थांब रं!"

"नाय सर. तुमीच सांगितलंय."

सरांनी टेबलावरचं लाल कापड ओढून नाचवलं. वरचे पेढे जमिनीवर.

"समिधा पायजे, सर," रूपेश मान वर न करता म्हणाला.

शाळेतली मुलं संपली. कान्हाने खिचडीवाल्या धोंडूबाईंना ओढलं. "मेल्या, भात करपंल माझा!" मग हेडमास्तर. मग मॅडम, त्यांना वाटलं, पाहुण्यांचा मान असेल. त्यांच्यामागे शिपाई, पालक, कुल्फीवाला. साखळी पटांगणातून फाटकाबाहेर सरकली. सर धावत एकेकाचा हात सोडवत होते, कान्हा मागून जोडत होता.

"सर, हे संपतं कधी?" मॅडमनी विचारलं.

"संपतं, मॅडम. निसर्गात संपतं."

पुढच्या पोरांनी रस्ता अडवला. सवारी भरत येणारी जीप थांबली. एवढी माणसं बघून ड्रायव्हरने मागचं दार उघडलं. कडेला मॅडम उभ्या होत्या.

"चला ताई, सरका आत. आजून चार बसतील."

मॅडम बसल्या. त्यांच्या दोन्ही हातांना माणसं होती. तीही बसली. जीप थेट मुरबाडची होती, मधे कुठंच न थांबणारी.